लाखेच्या आड मीठ

१

कपाटावरची लाख फुटली तेव्हा फार आवाज झाला नाही. शेंगदाण्याचं टरफल मोडावं तेवढाच. पण उस्ताद बशंदीनं डोळे असे घट्ट मिटून घेतले, की कुणी त्याच्या बरगडीतच पेचकस घातलाय असं वाटावं.

"वल्लाही सांगतो दुक्तूरा, हे नियमात बसत नाही," तो म्हणाला. "सील फोडायचं तर मोजणी समिती लागते. आणि मोजणी उन्हाळ्यात असते."

"समिती इथंच उभी आहे," डॉ. इनशिराह म्हणाली. "तुम्ही, डॉ. रिफ्की आणि ही शाहिनाझ. आणि उन्हाळा म्हणाल तर तो उद्या सकाळी येतोय, मूल्यांकन समितीच्या गाडीतून. उघडा."

इनशिराह ही मिन्यत शाहीन इथल्या शेती महाविद्यालयात गुणवत्ता कक्षाची प्रमुख होती. गुणवत्ता कक्ष म्हणजे एक खोली, एक घरघरणारा पंखा आणि बाकीच्यांनी न केलेल्या कामांची जबाबदारी. दुग्ध तंत्रज्ञानाची पदवी दोनदा मान्यतेवाचून परत आली होती. 'त्रुटी दूर करून पुन्हा यावे,' असं पहिल्या वेळी गोड शब्दांत आणि दुसऱ्या वेळी कडू शब्दांत कळवण्यात आलं होतं. तिसऱ्यांदा नकार आला, की नव्या मुलांचे प्रवेश बंद आणि विभाग गुंडाळून शेजारच्या विभागात जमा. इनशिराहला गेले काही दिवस जेवणाची चव लागत नव्हती ती याच हिशेबानं.

कपाटात पुठ्ठ्याचं मोठं खोकं होतं. त्यावर चित्र होतं, उशीएवढ्या पांढऱ्या यंत्राचं. नळीनं घोटभर दूध ओढायचं आणि फॅट किती, प्रथिनं किती, वरून घातलेलं पाणी किती, हे सगळं चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात सांगून मोकळं व्हायचं, असं ते यंत्र. महाविद्यालयानं ते विद्यार्थ्यांसाठी घेतलं आणि मग विद्यार्थ्यांपासून वाचवायला कपाटात ठेवलं. कारण ते बशंदीचा 'उहदा' होतं. सरकारी वस्तू ज्याच्या नावावर चढली, ती फुटली, हरवली, रुसून बंद पडली तरी भरपाई त्याच्याच पगारातून, आणि पगार पुरला नाही तर पेन्शनीतून. त्यामुळं चांगला उहदेदार कोण, तर ज्याची यंत्रं कोरी करकरीत राहून म्हातारी होतात तो. बशंदी फार चांगला उहदेदार होता. एक परीक्षानळी तडकली म्हणून त्यानं एका मुलीला आठवडाभर रडवलं होतं.

आणि इनशिराहनं अहवालात सहीनिशी लिहिलं होतं: 'प्रत्येक विद्यार्थी दूध-परीक्षण यंत्र स्वतःच्या हातानं चालवायला शिकतो.' विभागप्रमुख रिफ्कींनी छातीवर हात ठेवून सांगितलं, हिनं लिहिलं. लिहिताना पेन जड झालं होतं, हे तिला आता आठवत होतं.

शाहिनाझनं खोक्याची झापं उचलली. ही विभागातली साहाय्यक अध्यापिका. प्रात्यक्षिकं तीच घ्यायची.

आत दोन लाल विटा होत्या. आणि त्यांच्यावर, चीज खारवायला लागतं त्या जाड्या मिठाची एक पिशवी.

रिफ्की मटकन स्टुलावर बसले. शाहिनाझनं तोंडावर हात ठेवला. बशंदी घसा खाकरून म्हणाला, "दुक्तूरा, दार लावून घेऊ? धूळ जाते आत."

२

"पोलीस नकोत," रिफ्की आपल्या खोलीत येरझाऱ्या घालत म्हणाले. "डीनसाहेबांना संध्याकाळी सांगू. तोवर तुम्ही शोधा."

"मी? मी गुणवत्ता बघते, डॉक्टरसाहेब. चोर नाही बघत."

"फरक काय त्यात? कागदावर आहे ते जागेवर आहे का, एवढंच तर बघायचं!"

इनशिराहनं मिठाची पिशवी बरोबर आणली होती. ती तिनं टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे आदळली. दगडासारखा आवाज झाला.

"हात लावून बघा."

"मीठ आहे. बघायचं काय त्यात?"

"दगड झालाय त्याचा. आणि ही कड बघा, विटेचा कोपरा उमटलाय यावर. मीठ पिशवीत सुटं होतं तेव्हा ते विटेवर ठेवलं. मग आपला हिवाळा आला, भिंतींना घाम फुटला, मीठ पाझरलं. उन्हाळ्यात वाळून घट्ट बसलं. काल-परवा ठेवलेलं मीठ असं बसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चोरी जुनी आहे. निदान एक अख्खा हिवाळा तरी यंत्र इथं नाही. आणि लाखेवरचा शिक्का गेल्या मोजणीचा, त्याला कुणी धक्का लावलेला नाही. कपाट उघडतं ते फक्त मोजणीच्या दिवशी. त्या दिवशी खोलीत कोण असतं?"

उत्तर सोपं होतं. मोजणी समितीत तिघं. त्यातले एक तेच.

"गेल्या मोजणीला तुम्ही खोकं उघडून बघितलं नाही?"

"उघडायचं कशाला?" रिफ्की खरोखरच चकित झाले. "मोजणीत मोजतात, बाई! एक खोकं, एक खूण. उचलून बघितलं, जड होतं. रिकामं खोकं जड असतं का?"

"विटांचं असतं."

रिफ्की खुर्चीत बसले. घामानं त्यांच्या कपाळावर टोपीची रेघ उमटली होती. थोड्या वेळानं ते पुढं झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एक मार्ग आहे. माझ्या मेहुण्याचा चीजचा कारखाना आहे ना, त्याच्याकडे अस्संच एक यंत्र आहे. सकाळच्या आत आणून कपाटात ठेवतो. कुणाला कळणार नाही."

"अस्संच?" इनशिराहनं विचारलं. "अगदी अस्संच?"

"अगदी डिट्टो," रिफ्की म्हणाले.

३

इनशिराह खोलीतून बाहेर पडली. मेहुण्याच्या कारखान्यात अगदी तसंच यंत्र, आणि इथलं गायब. यात दोन आणि दोन चार करायला गणिताची पदवी लागत नव्हती.

जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. "फोटो आहे का हो त्याचा?"

रिफ्कींनी मोबाइल पुढं केला. फोटोत मेहुणा छाती काढून उभा होता आणि त्याच्या मागं त्याच्याहून उंच, चार नळ्यांचं एक धूड होतं.

"हे अस्संच?"

"हेही दूधच तपासतं," रिफ्की पडेल आवाजात म्हणाले.

इनशिराहच्या मनातलं एक नाव खोडलं गेलं. यंत्र ढापणारा माणूस ते आपण होऊन समितीच्या नाकासमोर मांडायला निघाला नसता. शिवाय रिफ्कींना ती पुष्कळ वर्षं ओळखत होती. त्यांना चोरी करायची झाली तर आधी परवानगीचा अर्ज करतील, तोही तीन प्रतींत.

शाहिनाझ मागच्या व्हरांड्यात सापडली. हातात तामियाच्या वड्यांचा पाव, एक घास खाल्लेला, बाकीचा तसाच. इनशिराह तिच्याशेजारी कठड्यावर बसली.

"पोरी, तुझा प्रबंध मी परत चाळला आत्ता. म्हशीच्या दुधाचे शेकडो नमुने. प्रत्येकाचं फॅट, प्रत्येकाची प्रथिनं. एवढे तपासलेस कुठे?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे? बाहेर रस्ता आहे आणि कालवा आहे."

शाहिनाझ पावाच्या कागदाला घड्या घालू लागली. ती मुलींच्या वसतिगृहात चौथ्या मजल्यावर राहायची. तिथली रेक्टरबाई साधी चहाची किटली सापडली तरी जप्त करायची. उशीएवढं यंत्र आणि रोजच्या बाटल्या तिथं लपवणं म्हणजे घरात उंट लपवणं. हे इनशिराहलाही कळत होतं. पण पोरगी काहीतरी दडवतेय, तेही दिसत होतं.

"शाहिनाझ, उद्या समितीची ती दक्षिणेकडची डॉ. खैरिया येतेय. तिचं एकच वाक्य असतं: 'लिहिलंय ते दाखवा.' मी दाखवू काय? विटा? विभाग जाईल. तुझी नोकरीही त्यातच आहे."

"माहीत आहे, दुक्तूरा."

"मग?"

"मी चोरी केलेली नाही." तिनं डोळे वर केले. ते भरले होते, पण आवाज कापला नाही. "पण पुढचं विचारू नका. मी शब्द दिलाय. भाकरीवर हात ठेवून दिलाय."

आणि उरलेला पाव कागदात गुंडाळून ती उठून गेली.

४

दुपारी तिसऱ्या वर्षाच्या मुलांची रंगीत तालीम होती. समिती विद्यार्थ्यांशी बंद दाराआड बोलते, तेव्हा काय बोलायचं याची. इनशिराहनं स्वतः उत्तरांचा कागद करून वाटला होता. आता तालीम रद्द करावी तर मुलं कुजबुजणार, म्हणून ती सभागृहात गेली, चष्मा नाकावर ओढला आणि खैरिया होऊन बसली.

"दूध तपासायचं यंत्र तुम्ही वापरलंय का?"

कागदावरचं उत्तर होतं: 'हो, नियमितपणे, तज्ज्ञ मार्गदर्शनाखाली.' पहिल्या रांगेतला मुतवल्ली नावाचा दांडगा मुलगा उठला.

"वापरलंय की. पण बाई, ते फार नखरेल आहे. थंड दूध घातलं की चिडतं, फॅट खोटं सांगतं. म्हणून आधी बाटली भट्टीच्या ओट्यावर ठेवायची. कोमट झालं की मग."

"आणि नुसत्या पाण्यानं धुऊन भागत नाही," मागून एक मुलगी म्हणाली. "नळीत साय धरते."

"तू गरम पाणी घातलंस म्हणून तर त्या दिवशी शिट्टी मारायला लागलं ते!"

"मी? की तू फेसासकट दूध ओतलंस?"

"अगं, फेस माझा नव्हता, म्हशीचा होता!"

सभागृह हसलं. इनशिराह हसली नाही. तिचा हात कागदावर होता आणि कागदात यातलं एक अक्षर नव्हतं. तिचं तिलाच माहीत होतं, तिनंच लिहिला होता. पाठ केलेलं उत्तर गुळगुळीत असतं. या उत्तराला साय धरली होती.

म्हणजे मुलांनी यंत्र चालवलं होतं. याच वर्षी. मीठ मात्र त्याआधीच दगड झालं होतं.

"भट्टी?" तिनं सावकाश विचारलं. "प्रयोगशाळेत कुठली आलीय भट्टी, मुतवल्ली?"

हसणं थांबलं. मग सगळ्या रांगाच्या रांगा, वाऱ्यानं पीक कलावं तशा, दाराशी उभ्या असलेल्या शाहिनाझकडे वळल्या. तिनं मान खाली घातली होती.

५

भाकरीची भट्टी. रिफ्की शहरात चौथ्या मजल्याच्या फ्लॅटवर राहतात, शेगडी गॅसची. शाहिनाझचं वसतिगृह. राहता राहिलं कोण?

इनशिराहला सकाळपासून काहीतरी टोचत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. आता सापडलं. रिफ्की म्हणाले, शोधा. शाहिनाझ म्हणाली, विचारू नका. आणि ज्याचा उहदा गेला, ज्याची पेन्शन त्या खोक्यात होती, जो तडकलेल्या नळीसाठी पोरीला आठवडाभर रडवतो, तो बशंदी काय म्हणाला? दार लावून घेऊ?

तो चहाच्या कोपऱ्यात बाकावर बसला होता. पेल्यातला चहा निवला होता.

"उस्ताद बशंदी, एक गोष्ट सांगा. सील फोडायच्या आधी तुम्ही अल्लाची शपथ घेतलीत. फोडल्यावर मात्र एकदाही 'शोधा' म्हणाला नाहीत."

"धक्का बसला होता, दुक्तूरा."

"हरवलेली वस्तू माणूस शोधतो. जी कुठं आहे हे ठाऊक असतं, तिला शोधत नाही. तुमच्या घरी भट्टी आहे ना?"

बशंदीनं पेला खाली ठेवला. किल्ल्यांचा जुडगा कमरेला होता, तो मुठीत धरला.

"चोरी म्हणू नका," तो म्हणाला. "काय म्हणायचं ते म्हणा, पण चोरी म्हणू नका. शेजारच्या प्रयोगशाळेत छतातला नळ फुटला होता, आठवतं? सूक्ष्मदर्शक बुडालं. त्याचा उहदेदार, बिचारा अजून फेडतोय. त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या कपाटावरूनही तोच नळ जातो! मी अर्ज केला. नळ बदला. कुणी बदलला? मग मोजणीचा दिवस आला. समितीतले बाकीचे दोघं जेवायला गेले, मी घोंगडीत गुंडाळून माझा उहदा माझ्या घरी नेला. माझ्या डोळ्यांसमोर. माझ्या छपराखाली. याहून जास्त कोण सांभाळणार हो?"

"आणि विटा?"

"डॉक्टरसाहेब खोकं उचलून बघतात."

चोर इनशिराहला समजला असता. पण सरकारी वस्तू सुरक्षित राहावी म्हणून सरकारपासून पळवणारा माणूस कुठल्या रकान्यात घालायचा?

"ते मुलांपर्यंत कसं गेलं?"

"नुसतं ठेवलं तर पंप धरतो, असं कंपनीचा माणूस म्हणाला होता. म्हणून आठवड्याला एकदा चालवायचं. चालवायचं तर दूध हवं. दूध बायकोकडे. मग शेजारणी. मग ही शाहिनाझ पोरीच्या मेंदीला घरी आली आणि तिनं बघितलं. गप्प बस म्हणून पाया पडलो तिच्या. ती म्हणे, गप्प बसते, पण माझी मुलंही येणार." त्यानं कपाळावर हात मारला. "दुक्तूरा, आता मला तुरुंगात घालणार का?"

"आधी गाडीत बसा," इनशिराह म्हणाली.

बशंदीच्या घराचं दार उघडंच होतं. भट्टीच्या खोलीत बायका बादल्या घेऊन बसल्या होत्या आणि मध्ये, विणलेल्या झालरीच्या आच्छादनाखाली, महाविद्यालयाचं यंत्र घरघरत होतं. बशंदीची बायको, जिला सगळं गाव थोरल्या मुलाच्या नावानं उम्म हाशिम म्हणे, एका शेजारणीला झापत होती.

"कालव्याचं पाणी म्हशीनं प्यायचं असतं बाई, दुधानं नाही. बघ, आकडाच बोलतोय." मग तिला दारात नवरा दिसला, त्याच्यामागं इनशिराह दिसली, आणि तिनं पदराखाली झाकावं तसं यंत्रावर आच्छादन ओढलं.

"या," ती म्हणाली. "फतीरची पोळी गरम आहे. पण हे कुठं नेऊ नका. पोरं यायचीत."

६

"वा! मिळालं ना?" रिफ्की टाळी वाजवून म्हणाले. "आता पुसा, खोक्यात घाला, लाख लावा. उद्या फोडू, दाखवू, परत लावू. कुणाला काही सांगायचं नाही."

"आणि खैरियाबाई मुलांना विचारतील, कुठं शिकलात? मुलं भट्टी सांगतील."

"मुलांना दम द्या."

"तीन वर्षं आपण त्यांना खरं बोलायला शिकवलं नाही, तरी ती बोलतायत. एवढं एक तरी राहू दे." इनशिराह खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "डॉक्टरसाहेब, मी लिहिलेलं वाक्य खोटं आहे असं मला वाटत होतं. ते खरं निघालं. आपल्या सगळ्या अहवालात बहुतेक तेवढंच खरं आहे. तेच मी लपवू?"

"मग बशंदी?"

"उहदा बाहेरच्या प्रशिक्षणाच्या जागी ठेवता येतो. विभागप्रमुखांची सही लागते आणि त्या जागी जबाबदार माणूस नेमावा लागतो."

"मी?" रिफ्की मागं सरकले. "मी सही करू? भट्टीच्या खोलीला?"

"दोन मोजण्यांना तुम्ही विटांना सही केलीत. एकदा यंत्राला करा."

मग रिफ्कींनी पेन काढलं. "तारीख मागची घालू का? शोभून दिसेल."

"आजची."

"बाई, आजची तारीख म्हणजे आपण आपलाच गळा…"

"आजची घाला."

जबाबदार माणूस म्हणून बशंदी चालत नव्हता. त्याच्या नावावर महाविद्यालयातलं कपाट होतं. तेव्हा उम्म हाशिमचं नाव पडलं. तिनं कागद दोनदा वाचून घेतला, 'फुटल्यास, हरवल्यास, बिघडल्यास' या शब्दांपाशी थबकली आणि मग सही केली.

दुसऱ्या दिवशी डॉ. खैरिया आल्या. बारीक चणीच्या, उन्हात वाळवलेल्या खजुरासारख्या. अहवालातल्या त्या वाक्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "लिहिलंय ते दाखवा."

इनशिराहनं गाडी बशंदीच्या गावाकडे वळवायला सांगितली. रस्ताभर रिफ्की तसबीहचे मणी ओढत होते.

भट्टीच्या खोलीत खैरियाबाई स्टुलावर बसल्या. मुतवल्लीनं बाटली कोमट केली, यंत्र चालवलं, आकडा सांगितला. त्यांनी दुसरा नमुना मागितला, तिसरा मागितला. मध्येच स्वतः उठून शेजारणीच्या बादलीत गुपचूप पेलाभर पाणी ओतलं. यंत्रानं ते सांगितलं, मुलीनं ते ओळखलं, आणि शेजारीण मात्र अपराध नसताना शरमली.

मग त्यांनी रिफ्कींच्या सहीचा कागद डोळ्यांजवळ धरला.

"हे प्रशिक्षण केंद्र कधीपासून?"

रिफ्की खोकले. बशंदी भिंतीला टेकला.

"कागदावर कालपासून," इनशिराह म्हणाली. "प्रत्यक्षात कितीतरी आधीपासून. आम्हालाच माहीत नव्हतं."

खैरियाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी पुष्कळ कॉलेजं बघितली," त्या म्हणाल्या. "कागदावर दहा वर्षं आणि प्रत्यक्षात कालपासून, असं रोज बघते. उलटं पहिल्यांदाच बघतेय."

निर्णय समारोपाच्या बैठकीत वाचला गेला. प्रयोगशाळेची व्यवस्था: मानकाला उतरत नाही. विद्यार्थ्यांचं शिक्षण: उतरतं, आणि वर थोडं उरतंही. पदवीला मान्यता. फक्त एक अट होती. पुढच्या वर्षी समिती न कळवता येईल आणि तेव्हाही मुलं असाच हात चालवताना दिसली पाहिजेत.

त्या रात्री इनशिराह मुलाबाळांसह पोटभर जेवली.

७

नव्या सत्रात शाहिनाझचा फोन आला. "दुक्तूरा, जरा गावात येता? आत्ता?"

बशंदीच्या दाराबाहेर नव्या वर्गातली मुलं बाटल्या घेऊन उन्हात उभी होती. बशंदी पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसला होता, परक्याच्या दारात बसावं तसा. भट्टीच्या खोलीत यंत्र नव्हतं. आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटाला नवं कुलूप होतं, आणि किल्ली उम्म हाशिमच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात.

"उम्म हाशिम, मुलं खोळंबलीत."

"खोळंबू देत. पोरंच ती. काल एकानं नळी वाकडी धरली. माझ्या छातीत धस्स झालं."

"अहो, पण आधी तुम्ही गावातल्या कुणालाही हात लावू देत होता!"

"तेव्हा ते बशंदीच्या नावावर होतं," उम्म हाशिम म्हणाली. "आता सही माझी आहे."

इनशिराहनं पायरीकडे पाहिलं. बशंदीनं खांदे उडवले आणि जमिनीकडे बघू लागला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण थोडा अभिमानही होता.

"आणि समिती अचानक आली तर?" इनशिराहनं विचारलं. "मग काय दाखवायचं त्यांना?"

उम्म हाशिमनं तिच्यापुढं गरम फतीरची थाळी सरकवली, आणि रडणाऱ्या लेकराला समजवावं तशी तिच्या हातावर थोपटत म्हणाली, "खा आधी. समिती आली की काढू ना बाई! पुसूनच ठेवलंय."